मुद्रा कुणाची? विद्यार्थ्यांना वाङ्मयचौर्य शिकवताना

(गोंदिया येथे महाविद्यालयीन विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला दिलेला विषय आहे ‘वाङ्मयचौर्य : ओळख आणि प्रतिबंध’. यातली ओळख आपण दहा मिनिटांत उरकतो आणि उरलेला सगळा वेळ प्रतिबंधावर घालवतो. सॉफ्टवेअर कोणतं वापरतात, किती टक्के चालतात, सापडलं तर काय होतं, वगैरे. विद्यार्थी अशा कार्यक्रमातून घरी जाताना एकच गोष्ट घेऊन जातो, की आपण पकडले जाता कामा नये. ही शिकवण्याची पद्धत फसलेली आहे असं माझं मत आहे आणि आज त्याची कारणं मांडणार आहे. टीका करणार आहे ती नियमावर, आपल्या वर्गांवर आणि शिक्षकांच्या सवयींवर. विद्यार्थ्यांवर सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी, कारण ते जे करतात ते बहुतेक आपल्याकडे बघूनच करतात.

देहूची गोष्ट

एक समज आधी दूर करू. ‘प्लेजरिझम’ हा शब्द बाहेरून आला म्हणून ती कल्पनाही बाहेरचीच, आपल्याकडे ज्ञान सगळ्यांच्या मालकीचं होतं, त्यामुळे चोरी हा प्रश्नच नव्हता, असं बऱ्याच चर्चासत्रांत ऐकायला मिळतं. मग सालोमालोचं काय करायचं?

सालोमालो हा तुकाराम महाराजांचा समकालीन, देहूचाच. परंपरा अशी सांगते की तो तुकारामांचे अभंग घ्यायचा, त्यातली तुकारामांची नाममुद्रा काढायचा आणि आपली घालून लोकांना ऐकवायचा. प्रभातचा 1936 सालचा ‘संत तुकाराम’ चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना हा माणूस आठवेल. पण गोष्ट चित्रपटापुरती नाही. गाथेतच सालोमालोचं नाव घेऊन केलेली तक्रार आहे. ती नीट वाचा. तुकारामांचे त्यात दोन आक्षेप आहेत. पहिला, दुसऱ्याचं ते आपलं म्हणून सांगतात. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो : संतांची वचनं मोडतात आणि त्या तुकड्यांचे स्वतःसाठी दागिने घडवतात.

हे ‘मोडणं’ लक्षात ठेवा. आपल्याकडच्या कार्यशाळांमध्ये विद्यार्थ्यांना काय सांगतात? वाक्य जसंच्या तसं घेऊ नका, जरा शब्द बदला. म्हणजे वचन मोडा! साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्याला चोरी म्हटलं गेलं, तेच आज आपण चोरी टाळण्याचा उपाय म्हणून शिकवतो आहोत.

आता याची दुसरी बाजू. वारकरी परंपरेत एकमेकांकडून घेणं भरपूर आहे आणि ते उघड आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानेश्वर आपण व्यासांच्या मागून, भाष्यकारांना विचारत विचारत आलो हे सांगून टाकतात. तुकाराम सांगतात की नामदेवांनी स्वप्नात येऊन कवित्व करायला सांगितलं. जनाबाई तर आपल्या मुद्रेतच नामदेवांचं नाव घेते, स्वतःची ओळखच ‘नामयाची’ अशी देते. म्हणजे घेण्याला कुणी दोष दिलेला नाही. सालोमालोनं जे केलं त्यात घेण्याबरोबर पुसणं होतं. दोष त्या पुसण्याला आहे.

आणि पुसलं जाण्यासाठी प्रत्येक वेळी चोरच लागतो असंही नाही. त्याच चित्रपटातलं बीज आणि झाड यांच्याबद्दलचं गाणं शांताराम आठवले यांनी लिहिलं. ते इतकं जमून आलं की अनेकांना तो तुकारामांचाच अभंग वाटला, आजही वाटतो. इथे कुणाची लबाडी नाही. पण नाव आणि शब्द यांची गाठ सैल असली की ती आपोआपही सुटते. संदर्भ लिहिणं ही ती गाठ बांधायची साधी रीत आहे. ज्या विद्यापीठाची पदवी तुमच्या हातात पडणार आहे, त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. त्यांच्याही भजनात शेवटी मुद्रा येते. खंजिरी वाजवत गावोगाव गायलेल्या भजनालाही कर्ता असतो आणि तो कळावा अशी सोय भजनातच असते. एवढं ज्याला समजलं त्याला तळटीप म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही.

एक गोष्ट जाता जाता. कॉपीराइट आणि वाङ्मयचौर्य हे एक नव्हे. आपल्या 1957 च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं साहित्यावर हक्क राहतो. तुकारामांच्या गाथेवर आज कुणाचा कॉपीराइट नाही, ती कुणीही छापावी. पण तिच्यातला अभंग आपला म्हणून छापला तर ते वाङ्मयचौर्यच. एकात प्रश्न परवानगीचा असतो, दुसऱ्यात खरेपणाचा.

नियम काय म्हणतो आणि आपण काय वाचतो

विद्यापीठ अनुदान आयोगानं 2018 साली याबद्दल विनियम काढले. त्यांच्या नावातच क्रम आहे : आधी शैक्षणिक सचोटीचा पुरस्कार, मग वाङ्मयचौर्याला प्रतिबंध. त्यातला टक्क्यांचा तक्ता सगळ्यांना पाठ आहे. 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. 10 ते 40 असेल तर प्रबंध दुरुस्त करून जास्तीत जास्त सहा महिन्यांत पुन्हा द्यायचा. 40 ते 60 असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. 60 च्या वर गेलं तर नोंदणी रद्द.

या तक्त्यानं केलेलं नुकसान बघा. ‘10 टक्क्यांपर्यंत दंड नाही’ या वाक्याचा अर्थ आपण ‘10 टक्क्यांपर्यंत मुभा आहे’ असा लावला. 200 पानांच्या प्रबंधात 10 टक्के म्हणजे 20 पानं. कुणाची तरी 20 पानं उचलायला आयोगानं परवानगी दिली आहे का? किरकोळ साम्य प्रत्येक लिखाणात असतंच, व्याख्या सारख्या असतात, ठरावीक शब्दप्रयोग असतात, म्हणून ती सूट आहे. त्याच विनियमांत असंही म्हटलं आहे की सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी हा जो संशोधनाचा गाभा, तो मूळ कल्पनांवर आधारलेला हवा. सर्वांना माहीत असलेल्या गोष्टी आणि सलग 14 शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य तेवढं सोडून. पण हे कुणी वाचत नाही. आकडा लक्षात राहतो, अट विसरली जाते.

आणि हा आकडा तरी काय मोजतो? यंत्र फक्त साम्य मोजतं. अवतरणचिन्हांत टाकून, लेखकाचं नाव देऊन घेतलेला उतारासुद्धा काही वेळा त्यात मोजला जातो आणि तो हातानं वगळावा लागतो. उलट, हिंदी किंवा इंग्रजी पुस्तकातलं अख्खं प्रकरण मराठीत आणलं तर साम्याचा आकडा बहुधा शून्याच्या आसपास येतो. मराठीची आणखी एक अडचण आहे. आपल्याकडचं बरंच जुनं टंकलेखन युनिकोडमध्ये नाही, जुन्या फॉन्टमध्ये आहे. पडद्यावर ते देवनागरी दिसतं, पण यंत्राच्या दृष्टीनं ती रोमन अक्षरांची गिचमिड असते. शोधगंगेवर ठेवलेले अनेक मराठी प्रबंध तर स्कॅन केलेली चित्रं आहेत. त्यांतून उचललेलं यंत्राला सापडणार कसं? म्हणून मराठी प्रबंधाचा ‘2 टक्के’ असा रिपोर्ट समोर आला की त्यावरून अभ्यासकाच्या सचोटीबद्दल काहीच कळत नाही. फार तर त्याचा फॉन्ट कोणता होता ते कळतं.

(हशा)

हसू नका, ही गंभीर गोष्ट आहे.

पण माझा मुख्य आक्षेप यापुढचा आहे. या विनियमांत ‘स्क्रिप्ट’ची, म्हणजे ज्या लिखाणाला हे नियम लागू होतात त्याची व्याख्या दिली आहे. पदव्युत्तर आणि संशोधन पातळीचे प्रबंध, शोधनिबंध, पुस्तकं, पुस्तकातली प्रकरणं, हे सगळं तीत येतं. आणि वगळलं काय आहे? असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, निबंध, उत्तरपत्रिका.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. आमगाव, देवरी, सालेकसा, तिरोडा, अर्जुनी मोरगाव इथल्या महाविद्यालयांत शिकणारी बहुसंख्य मुलं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करतात. त्यांतली फार थोडी पीएच.डी.पर्यंत जातात. म्हणजे बहुतेकांचा आयुष्यातला लिहिण्याशी येणारा संबंध जिथे आहे, तिथे हा नियम पोचतच नाही. पीएच.डी.ला 2019 नंतर संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम आला, चांगलं झालं. पण तोवर विद्यार्थी पंचविशीत आलेला असतो आणि हात वळायचा तसा वळून गेलेला असतो.

दंडातून असाइनमेंट वगळल्या, हे मी योग्यच मानतो. अठरा वर्षांच्या पोरीला प्रकल्पवहीसाठी चौकशी समितीपुढे उभं करायचं नाही. पण त्याच विनियमांत शिकवण्याची जबाबदारीही संस्थेवर टाकली आहे. दर सत्रात जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, संदर्भ कसा द्यायचा हे शिकवावं, पदवीच्या अभ्यासक्रमात सचोटीची तत्त्वं घ्यावीत. आपण काय केलं? शिक्षा लागू होत नाही म्हणून शिकवणंही सोडून दिलं. आणि नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीलाच क्षेत्रप्रकल्प, समाजसंपर्क, कार्यप्रशिक्षण यांचे अहवाल लिहायचे आहेत. मुलं आधीपेक्षा जास्त लिहिणार आणि कसं लिहायचं ते कुणी सांगणार नाही, अशी ही स्थिती आहे.

वर्गातला धडा

वर्गात मुलगा काय शिकतो ते क्रमानं बघू. अकरावी-बारावीत तो शिकतो की प्रश्नाखाली ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ असं छापलेलं असतं आणि गुण मात्र गाइडमधल्या शब्दांना मिळतात. महाविद्यालयात सर नोट्स सांगतात आणि मुलं उतरवून घेतात. त्या नोट्स कोणत्या पुस्तकातून आल्या, ते सर सांगत नाहीत. पुढच्या वर्षी त्याच नोट्स झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. ‘अमुक विचारवंत म्हणतो’ असं वाक्य त्यात असतं. कोणत्या पुस्तकात म्हणतो, कोणत्या पानावर म्हणतो, खरंच म्हणतो का, हे कुणी विचारत नाही. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी तर तयार मजकूर विकत मिळतो, फक्त मुखपृष्ठावर नाव बदलायचं. म्हणजे काय, मुद्रा बदलायची! ज्यानं विकत घेतला त्यालाही 18 गुण आणि जो तीन दिवस तळ्यावर जाऊन बसला त्यालाही 18 गुण. दुसऱ्या मुलानं पुढच्या वर्षी काय करावं अशी आपली अपेक्षा आहे?

शिक्षकांचंही तेच. 2010 नंतर बढतीसाठी शोधनिबंधांचे गुण मोजायला लागले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. मुलं आंधळी नसतात. सरांचा निबंध कसा छापून आला हे त्यांना कळतं. अशा वर्गात ‘चोरी वाईट’ या विषयावर भाषण देण्यात अर्थ नाही.

काही जण म्हणतील, नकल करत करतच माणूस शिकतो. बाराखडी आपण गिरवूनच शिकलो. दंडारीतला पोरगा जुन्या नटाचं बघूनच उभं राहायला शिकतो. अगदी खरं. पण गिरवताना सगळ्यांना माहीत असतं की हे गिरवणं आहे. पाटीवर गिरवलेला ‘ग’ दाखवून कुणी ‘ही माझी लिपी’ म्हणत नाही. अनुकरणाला जागा जरूर ठेवा, पण तिला अनुकरण म्हणा.

एक वाक्य, तीन प्रकारे

नुसतं तत्त्व सांगून उपयोग नाही, उदाहरण घेऊ. आपल्या जिल्ह्यातल्या तळ्यांवर एक वाक्य मी स्वतः रचलंय. ते कुण्या लेखकाच्या पुस्तकातलं आहे असं धरून चला :

‘पूर्व विदर्भातील तलाव हे केवळ सिंचनाचे साधन नव्हते, पाणी कोणाला, कधी आणि किती मिळेल हे ठरवणारी ग्रामव्यवस्था त्यांच्याभोवती उभी होती.’

आता विद्यार्थ्याचं पहिलं लिखाण :

‘पूर्व विदर्भातली तळी ही फक्त शेतीला पाणी देण्याचं माध्यम नव्हती, पाणी कुणाला, केव्हा व किती द्यायचं हे निश्चित करणारी गावव्यवस्था त्यांच्या अवतीभवती तयार झाली होती.’

यंत्र याला फारसं पकडणार नाही. पण इथे विद्यार्थ्याचं काय आहे? सांगाडा लेखकाचा, क्रम लेखकाचा, विचार लेखकाचा. फक्त कपडे बदललेत. इंग्रजीत लेखन शिकवणाऱ्या रिबेका मूर हॉवर्ड यांनी 1990 च्या दशकात याला ‘पॅचरायटिंग’ म्हटलं. आपण ठिगळलेखन म्हणू. आणि त्यांनी एक समंजस गोष्ट सांगितली. हे बऱ्याच वेळा लबाडीनं होत नाही. विद्यार्थी त्या भाषेत, त्या विषयात नवा असतो, मूळ मजकूर पूर्ण पचलेला नसतो, म्हणून तो शब्दांना धरून धरून चालतो. म्हणजे ही शिकण्याची एक पायरी आहे. तिथेच थांबला तर वाईट. आपण त्याला ‘वा, छान, शब्द बदललेस’ म्हटलं तर तो तिथेच थांबतो.

तिसरं लिखाण असं असेल :

‘अमुक लेखकाच्या मते या तळ्यांकडे बांधकाम म्हणून न बघता पाणीवाटपाची गावकी म्हणून बघायला हवं (पान अमुक). आमच्या गावची बोडी बघितली तर ही गावकी आता उरलेली दिसत नाही. पाणी सोडायचं कधी, यावर गावात बैठक झाल्याचं माझ्या वडिलांना आठवतं, मला आठवत नाही.’

फरक दिसला? इथे लेखक आपल्या जागी उभा आहे आणि विद्यार्थी आपल्या जागी. दोघांच्या मध्ये एक रेष आहे. विद्यार्थ्याची वाक्यं साधी आहेत, पण ती दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाहीत. संदर्भ दिल्यानं त्याचं लिखाण कमी पडलं नाही. उलट लेखकाचं नाव घेतल्यामुळेच त्याला त्याच्याशी वाद घालता आला. ज्याचं नाव पुसलं, त्याच्याशी वाद कसा घालणार?

इथे पुसलं जातं ते कुणाचं

गोंदियातल्या मुलासाठी हा प्रश्न मुंबई-पुण्यातल्या मुलापेक्षा वेगळा आहे. इथे घरी पोवारी असते, गोंडी असते, झाडीबोली असते, लोधी, छत्तीसगढी, हिंदी असते. वर्गातली प्रमाण मराठी ही अनेकांची दुसरी भाषा आहे आणि इंग्रजी तिसरी. अशा मुलाला ‘स्वतःच्या शब्दांत लिही’ म्हटलं की तो विचारतो, कोणते माझे शब्द? घरचे लिहिले तर लाल शाई. मग तो सुरक्षित शब्द शोधतो आणि सुरक्षित शब्द छापलेले असतात. यातली बरीच उचल भीतीपोटी झालेली असते. ज्याला आपली वाक्यं कधीच पुरेशी वाटू दिली नाहीत, तो दुसऱ्याची घेणारच.

समजा, सालेकशाकडची एक मुलगी मोहफुलांवर प्रकल्प करते आहे. घरी आजी पहाटे मोहफुलं वेचायला जाते. कोणतं झाड कधी गळतं, फुलं किती दिवस वाळवायची, भाव कुठे पडतो, आजीला सगळं माहीत आहे. मुलगी काय करते? मोबाइलवरून मोहाच्या झाडाचं लॅटिन नाव, उंची आणि औषधी उपयोग उतरवते. का? तिला वाटतं ते ‘माहिती’ आहे आणि आजीचं नुसतं बोलणं आहे. या प्रकल्पात दोन चोऱ्या झाल्या. ज्यानं तो मजकूर लिहिला त्याचं नाव गेलं, ही एक. आणि आजीला जे माहीत होतं ते कागदावर येता येता राहिलं, ही दुसरी. पहिली भरून निघेल, तो मजकूर आणखी शंभर ठिकाणी आहे. दुसरी भरून निघणार नाही. सालोमालोनं एकच मुद्रा पुसली होती. इथे ही मुलगी स्वतःची मुद्रा पुसते आहे आणि आपण तिला गुण देतो आहोत.

याच जिल्ह्यात याच्या उलट उदाहरण आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते. त्यांचं पाखरांवरचं, रानावरचं लेखन तुम्ही वाचलं असेल. नवेगावच्या माधवराव पाटलांकडून आपण काय काय शिकलो ते त्यांनी नावानिशी लिहून ठेवलं. पुस्तकी पक्षिशास्त्र त्यांच्याजवळ होतंच, तरी गावातल्या जाणत्या माणसाचं नाव घेताना त्यांचा हात आखडला नाही. म्हणून आज माधवराव पाटील वाचकांना माहीत आहेत. संदर्भ देणं म्हणजे हेच. ग्रंथ असो वा माणूस, ज्यानं सांगितलं त्याचं नाव टिकवायचं.

किंवा सारस घ्या. महाराष्ट्रात सारस टिकून आहे तो मुख्यतः आपल्या धानपट्ट्यात. दर वर्षी जूनमध्ये स्वयंसेवक, शेतकरी, वनविभाग मिळून गणना करतात. पहाटे बांधावर उभं राहून मोजतात. आणि प्रकल्पवहीत फक्त एक आकडा येतो : ‘गोंदियात इतके सारस आहेत.’ कोणत्या वर्षी? कुणी मोजले? एकट्या गोंदियात की भंडारा, बालाघाट धरून? वर्षागणिक बदलणारा आकडा साल आणि मोजणाऱ्याच्या नावाशिवाय निरुपयोगी असतो. इथे संदर्भ ही शिष्टाचाराची बाब राहत नाही. तो काढला तर माहितीच खोटी पडते.

मग करायचं काय

मोठं काही लागत नाही. सॉफ्टवेअरचं वर्गणीशुल्कही लागत नाही.

पहिलं म्हणजे, नोट्स सांगताना शिक्षकानं फळ्याच्या कोपऱ्यात पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष आणि पान लिहावं. रोज. कार्यशाळेतून जे साधत नाही ते या कोपऱ्यातून वर्षभरात साधेल.

दुसरं, वही करण्याची सवय. बहुतेक ‘नकळत’ झालेली उचल ही टिपण काढताना होते. मुलगा पुस्तकातलं वाक्य वहीत उतरवतो, अवतरणचिन्ह टाकत नाही, आणि महिन्यानं ते त्याला आपलंच वाटतं. म्हणून तीन रंग वापरा. पुस्तकातले जसेच्या तसे शब्द निळ्यानं, पुस्तकातला विचार आपल्या शब्दांत काळ्यानं, आपलं मत हिरव्यानं. वही उघडली की कळतं, हिरवं किती आहे. पहिल्या महिन्यात हिरवं जवळजवळ नसतं. असू द्या. हळूहळू येतं.

तिसरं, पुस्तक मिटून लिहा. उतारा दोनदा वाचायचा, पुस्तक बंद करायचं, शेजारच्याला घरच्या बोलीत सांगायचं. हो, पोवारीत सांगा, गोंडीत सांगा. मग मराठीत लिहायचं. जे समजलंय तेच असं सांगता येतं. मग पुस्तक उघडून ताडून बघायचं आणि पान नंबर टाकायचा. ठिगळलेखनावर याहून चांगला इलाज मला माहीत नाही, आणि तो आपल्या बोलींमधून जातो हे मला विशेष वाटतं.

चौथं, प्रश्न असे द्या की ज्यांचं उत्तर विकत मिळत नाही. ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’ हा विषय दिला तर दुकान चालणारच. ‘तुमच्या गावच्या मामा तलावाचं पाणी यंदा कुणाला मिळालं?’ हे दुकानात मिळत नाही. अहवालात ज्यांच्याशी बोललो त्यांची नावं, गाव, तारीख हवी. त्यांना विचारून, त्यांची तयारी असेल तरच.

आणि पाचवं, पाच मिनिटांची तोंडी. अहवालातलं एक पान उघडायचं आणि विचारायचं, हे तुला कुठून कळलं? दरडावून नाही, कुतूहलानं. ज्यानं लिहिलंय तो खुलतो. ज्यानं नाही लिहिलं त्याला परत पाठवायचं, शून्य न देता, पुन्हा करायला. साठ मुलांच्या वर्गात हे जमणार नाही असं म्हणाल. मग अर्धे प्रकल्प कमी करा. चार खोट्यांपेक्षा एक खरा बरा.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : आता विद्यार्थी एआयकडून लिहून घेतात. त्यात साम्य शून्य येतं. मग हे सगळं जुनं झालं नाही का?*

उलट, टक्केवारी जुनी झाली. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि साम्य मोजण्याचा खेळ संपला. तो मजकूर कुठून उचललेलाच दिसत नाही. मग एआय ओळखणारी यंत्रं आली, पण त्यांच्यावर विसंबू नका. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात यंत्रं तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध या यंत्रांनी ‘यंत्रानं लिहिलेले’ ठरवले. आपली मुलं कोणत्या बाजूला आहेत ते सांगायला नको. एखाद्या पोराला असं खोटं पाडलं तर ते पुन्हा लिहिणार नाही. एआयला विचारलं असेल तर तसं लिहावं, काय विचारलं आणि त्याचं काय घेतलं तेही लिहावं. आणि त्यानं दिलेला प्रत्येक संदर्भ उघडून बघावा, कारण ते नसलेली पुस्तकंही बिनदिक्कत सांगतं. पण त्याला मोहफुलांची आजी नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

*प्रश्न : सर, प्रत्येक वाक्याला संदर्भ दिला तर माझं काय उरलं?*

हा प्रश्न विद्यार्थ्यानं विचारला याचा आनंद आहे. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीला संदर्भ लागत नाही. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, याला तळटीप नको. जिल्हा वेगळा झाल्यानं तुमच्या तालुक्याचं काय भलं झालं, असं कुणी म्हटलं असेल तर त्याला हवी. आणि ते तुम्हाला पटतं की नाही, हे वाक्य तुमचं. एवढं एक वाक्य उरलं तरी पुष्कळ आहे. त्याच्याखाली खुशाल आपली मुद्रा घाला.